वल्हं खाली ठेव

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — मी कुणाला घाबरतो, कुठल्या भाजीला नाक मुरडतो, कुणाच्या बारशाला का गेलो नाही. पण हे नाही. भावाला नाही, मित्राला नाही, देवळात एकटा असतानासुद्धा मी हे ओठांवर येऊ दिलं नाही. तुम्हाला का सांगतोय? नीटसं मलाही ठाऊक नाही. तुम्ही बसला आहात, ऐकताय, एवढंच.

गोष्ट तशी लहान आहे. मी कुणावर हात उचलला नाही, खोटी सही केली नाही. मी एक वाक्य बोललो. चारचौघांत, हसत, मोठ्यानं. ज्यांनी ऐकलं त्यांतल्या कुणाला त्यात वावगं काही दिसलं नाही — आजही दिसणार नाही. म्हणून तर ते इतकी वर्षं खपून गेलं.

साठच्या दशकात आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर इंजिनाच्या होड्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. मासळी जास्त यायला लागली, मग ती टिकवायला बर्फ लागायला लागला. मुंबईतल्या एका गृहस्थांनी खाडीकाठी बर्फाचा कारखाना काढला. आम्ही त्यांना मालक म्हणायचो. मी तिथे कारकून होतो. धक्क्यावरची चढउतार, होडीवाल्यांशी बोलणं, माणसं कामाला लावणं हे सगळं वसंता बघायचा. वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. एका बाकावर बसून आम्ही मॅट्रिक झालो होतो.

आमच्याकडे बोलणं म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. यंत्रावर आबा म्हणून एक वयस्क मेस्त्री होते. बर्फ साच्यातून वेळेवर सुटला नाही की धक्क्यावरून कुणीतरी ओरडायचं, झोपलास काय रे म्हाताऱ्या. आबा यंत्र बंद करून बाहेर विडी ओढत बसायचे, आणि मग खरोखरच बर्फ सुटायचा नाही. बर्फ फोडणाऱ्या बायकांत रखमा पुढारी. तिला काही सांगायला जावं तर आधी आपल्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकून घ्यावा लागे — प्रेमानंच, पण तोवर बर्फाचं पाणी व्हायचं. मालक एकदा वैतागून म्हणाले, इथे कुणी बोलत नाही, सगळे खेकसतात.

मालकांच्या ओळखीचे एक डॉक्टर परदेशातून नवीन काही शिकून आले होते. कारखान्यांतल्या माणसांसाठी ते मुंबईत वर्ग घ्यायचे. ट्रान्झॅक्शनल ॲनॅलिसिस असं त्याचं लांबलचक नाव. मला इंग्रजी कळायचं, म्हणून मालकांनी मला पाठवलं.

डॉक्टरांनी फळ्यावर एकाखाली एक तीन वर्तुळं काढली. वरचं आईबापाचं, मधलं जाणत्याचं, खालचं पोराचं. प्रत्येक माणसात हे तिघं असतात, म्हणाले. आपण बोलतो तेव्हा तिघांतला कुणीतरी एक बोलत असतो. तुम्ही बापाच्या आवाजात बोललात, की समोरच्यातलं पोर जागं होतं — मग ते रुसतं, नाहीतर उलटतं, नाहीतर थिजतं. काम करून घ्यायचं तर जाणत्यानं जाणत्याशी बोलावं. आणि एक सांगितलं. प्रत्येकाचं एक वाक्य असतं, लहानपणी ऐकलेलं. ते कानावर पडलं की केवढाही बाप्या क्षणात खालच्या वर्तुळात जाऊन बसतो. आपलं वाक्य कुठलं ते ओळखून ठेवा. दुसऱ्याचं कळलंच तर विसरून जा.

हे मी ऐकलं होतं. नीट, पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. नंतर कुणी म्हणू नये की मला कल्पना नव्हती.

परत आल्यावर मी हे सगळं कारखान्यात सांगितलं. भुशाच्या पोत्यांवर सगळे बसले होते. रखमानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "माज्यात तीन माणसां रवतत, तर मगे पगार एकट्याचोच कित्याक?" त्यावर जे हसणं झालं ते आवरेना. पण उपयोग झाला हो. मी धक्क्यावरच्यांना सांगितलं, आबांना झोपलास काय म्हणू नका, बर्फ किती वाजता सुटेल तेवढं विचारा. आबांनी पहिल्या दिवशी संशयानं बघितलं. दुसऱ्या दिवशी वेळ सांगितली. पुढे पुढे ते आपणहून बाहेर येऊन सांगायला लागले, आज उशीर होईल, दोन होड्या थांबवा. विडीसाठी यंत्र बंद पडायचं थांबलं. रखमा शिव्या देतच राहिली, पण आधी कामाचं बोलून घ्यायची आणि मग द्यायची. त्या दिवसांचा मला अजून आनंद आहे. तो आनंद खोटा नव्हता.

आणि ह्यात माझ्या खांद्याला खांदा लावून कोण होतं? वसंता. खरं तर त्याला ते शिकवायची गरजच नव्हती. तो मुळातच मधल्या वर्तुळातून बोलायचा. तंडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, कितीही तापलेला असो, वसंता त्याच्याशी असा बोलायचा की तो आवाज खाली आणून आपली अडचण सांगायचा. मी जे शिकून आलो होतो ते त्याला येत होतं. मला त्याचं कौतुक वाटायचं. हेवाही वाटायचा. दोन्ही सांगतो, म्हणजे हिशेब सरळ राहील.

एका संध्याकाळी आम्ही खाडीच्या कडेनं घरी निघालो होतो. त्यानंच विषय काढला — ते वाक्याचं. म्हणाला, माझं कुठलं ते मला कळलं.

त्याचे वडील तंडेल होते. मोठ्या होडीवर हाताखाली दहाबारा माणसं. आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात तिथून होडी आत घेताना पोरांची परीक्षा व्हायची. सगळी वल्ही एका लयीत पडायला हवीत. कुणाची लय चुकली तर तंडेल त्याला वल्हं खाली ठेवायला सांगायचा. मग त्या पोरानं जाळ्यांच्या ढिगावर रिकाम्या हातांनी बसून किनाऱ्याला यायचं. किनाऱ्यावर अख्खा गाव मासळीला जमलेला. होडीत सगळ्यांच्या हातात वल्ही, आणि एक पोर नुसतं बसलेलं. कुणाला काही विचारावं लागत नसे.

वसंताला त्याच्या वडिलांनी असं बसवलं होतं. "वल्हां ठेव खाली. तुज्यान होवचां नाय." तुझ्यानं होणार नाही — एवढंच म्हणाले, ओरडले नाहीत. त्यानंतर त्याला होडीवर कधी नेलं नाही, शाळेत घातलं. म्हणजे तो माझ्या बाकावर येऊन बसला तो ह्या वाक्यामुळे. "बापूस जावन इतकी वर्सां झाली," वसंता म्हणाला, "पन आजून ता आयकू इला काय माजे हात गळान पडतत रे अंतू."

मग त्यानं मला विचारलं, तुझं कुठलं?

मला माझं ठाऊक होतं. मी धामापूरला मामाकडे वाढलो. मामी वाईट नव्हती. पण घरात तांदूळ मोजका आणि खाणारी तोंडं फार, आणि मी तिच्या पोटचा नव्हतो. पानात भात संपला की ती पातेल्यावर हात ठेवून विचारायची, "आजून भूक आसा?" मी नाही म्हणायचो. रोज नाही म्हणायचो. हे मी वसंताला सांगितलं नाही. अजून सापडलं नाही म्हणालो. त्यानं त्याचं उघडं केलं, मी माझं झाकून ठेवलं — सुरुवात बहुधा तिथेच झाली.

मग कळलं की मालकांना कारखान्याला मॅनेजर नेमायचा आहे. बाहेरचा नको, आमच्या दोघांतलाच एक. पगार वाढणार होता, आणि कारखान्यालगत दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. मला ते घर हवं होतं. ज्या घरात पातेल्यावर दुसऱ्याचा हात नाही असं घर. आणि वसंताला? त्याची आई एकटी होती, डोळ्यांनी अधू होत चालली होती. थोरल्या भावानं मुंबईत गोदीत त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती आणि ये म्हणून मागे लागला होता. मॅनेजरची जागा मिळाली तर वसंता आईला घेऊन त्या दोन खोल्यांत राहणार होता. नाही मिळाली तर तिला मसुऱ्याला आपल्या बहिणीकडे ठेवून मुंबई गाठणार होता. आहे त्या पगारात भागत नव्हतं. हे त्यानं मला सांगितलं होतं. सगळं तो मलाच सांगायचा.

मालक आले, बरोबर मुंबईचे दोन पाहुणे. सकाळी दहाच्या सुमाराला, टाकीच्या शेडमध्ये, खुर्च्या मांडून. एक प्रश्न दोघांना — हंगामात सगळ्या होड्या एकदम येतात, बर्फावरून मारामाऱ्या होतात, त्यावर काय करायचं? आधी वसंतानं सांगायचं, मग मी.

वसंता उभा राहिला. बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा त्याच्या हातात होता, तो रोखून वसंता एकेक जागा दाखवत होता. मालकांसमोर आम्ही सगळेच पुस्तकी मराठी बोलायचो, तोही बोलत होता. आणि चांगलं बोलत होता. बर्फाच्या वाटण्या तंडेलांनीच आदल्या दिवशी आपसांत ठरवाव्यात, आपण फक्त शब्द पाळायचा, असं त्याचं म्हणणं. मालक पुढे झुकून ऐकत होते. मी मालकांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. माझ्याकडे सांगण्यासारखं त्याच्या निम्म्यानंही नव्हतं.

मग तो अडखळला. एखादा शब्द शोधत असावा. आकडा हवेत धरून, तोंड अर्धं उघडं ठेवून थांबला. शब्द त्याला सापडला असता. थोडा वेळ दिला असता तर नक्की सापडला असता.

मी म्हणालो, "ठेव खाली. तुज्यान होवचां नाय."

सगळे हसले. मालकही हसले. का हसू नयेत? आमच्याकडे मित्र मित्राला असंच बोलतो. पुस्तकी मराठीत चाललेल्या त्या सभेत एक मालवणी वाक्य आलं, तर ते सगळ्यांना मोकळं, गमतीचं वाटलं.

वसंतानं आकडा खाली ठेवला. टाकला नाही — वाकून, हळूच ठेवला. आणि बर्फाच्या उपड्या डब्यावर बसला. हात मांडीवर, तळवे वर. मालक म्हणाले, हां, पुढे? त्यानं मान वर केली. ओठ हलले. काही आलं नाही. पाहुण्यांपैकी एकजण घड्याळ बघू लागला. मग मी उठलो आणि पुढचं सांगितलं. माझं नाही, वसंताचंच. त्यानं मला आठवडाभर आधी धक्क्यावर बसून सगळं समजावलेलं होतं. शुद्ध मराठीत, न अडखळता, मी ते पुरं केलं.

इतकी वर्षं मी स्वतःला काय सांगत आलो? की सहज निघून गेलं तोंडातून. चेष्टा केली. मित्राला अवघडलेलं बघवलं नाही म्हणून सोडवायला गेलो. ही तिन्ही कारणं मी आळीपाळीनं वापरली आहेत. तुम्हीही कदाचित म्हणाल, एवढंसं वाक्य ते, चुकून गेलं असेल.

चुकून गेलं नाही. त्या दिवशी सकाळी विहिरीवर अंघोळ करताना मी ते म्हणून पाहिलं होतं. वसंताच्या वडिलांना मी शाळेत असल्यापासून त्याच्या घरी ऐकलेलं. त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, 'होवचां'वर जरा रेंगाळणारा. पहिल्यांदा मला तो जमला नाही. पुन्हा म्हटलं, तेव्हा जमला. मग अंग पुसलं आणि नवा सदरा घालून कामावर गेलो. तो अडखळायची मी वाट बघत बसलो होतो. नसता अडखळला तर? तर मध्येच म्हटलं असतं, असं आता वाटतं. खात्रीनं सांगता येत नाही.

हे ते. हे सांगायचं होतं.

मालक गेल्यावर वसंता माझ्याजवळ आला. मला वाटलं, ओळखलं ह्यानं. तो म्हणाला, "बरां केलंस रे, थांबवलंस माका. नायतर आजून हसा झाला असता." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असू दे म्हणालो. आज सगळ्यात जास्त किळस मला त्या हाताची येते.

जागा मला मिळाली, घरही. गणपती झाल्यावर वसंतानं आईला मसुऱ्याला बहिणीकडे पोचवलं आणि मुंबईला गेला. कारखाना चांगला चालला. तंडेलांनी वाटण्या आपसांत ठरवायच्या ही पद्धत मी लागू केली, ती माझ्या नावावर जमा झाली. बाहेरून लोक बघायला यायचे — इथे कुणी आवाज चढवत नाही, मॅनेजरनी माणसांना बोलायला शिकवलंय म्हणून. मी त्यांना तीन वर्तुळं काढून दाखवायचो. वाक्याचं तेवढं गाळायचो. कारखान्यात मालवणी बोलणं मात्र मी सोडून दिलं. रखमा एकदा म्हणाली, "मॅनेजर झालो तसो सायब मोठो झालो." मी हसून वेळ मारून नेली.

वसंताची आई पुढल्याच्या पुढल्या पावसाळ्यात गेली. वसंताला तार मिळाली, तो निघाला, पण वाटेत ओढ्याला पाणी आलं आणि गाडी कणकवलीला अडकली. तो मसुऱ्याला पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे मला कारखान्यात बसून कळलं. मी भेटायला गेलो नाही. काम होतं म्हणून सांगितलं — काम नव्हतं.

त्यानंतरच्या आंगणेवाडीच्या जत्रेत तो मला भेटला. गर्दीतून हाक आली, "अंतू रे!" आणि मी वळायच्या आत त्यानं माझा हात पकडलेला. अंगानं सुटला होता, केस विरळ झाले होते. ओढतच मला मसुऱ्याला बहिणीच्या घरी घेऊन गेला. मी नको नको म्हणत गेलो.

ओटीवर एक रिकामी बाज होती. बहिणीनं सांगितलं, आई इथेच असायची. दिसत नव्हतं तिला, पण रस्त्यावर गाडी वाजली की उठून बसायची आणि विचारायची, "वसंत इलो?" बहीण हे रडत वगैरे सांगत नव्हती, पाट मांडता मांडता सांगत होती. वसंता खाली बघत होता. मग एकदम माझ्याकडे हात करून मेव्हण्याला म्हणाला, "ह्येना माका वेळेर वळखल्यान. माज्यान तां काम होनारा न्हवतां. माजो बापूस पन ताच म्हनी." अभिमानानं म्हणाला. असा चांगला मित्र आहे आपला, ह्या अभिमानानं.

तेव्हा बोलता आलं असतं. घरातली चारच माणसं, दार लोटलेलं, जत्रेचा आवाज लांब. मी बोलू नये असं तिथे काही नव्हतं. आणि सांगून त्याचं काय परत येणार होतं, असा विचारही माझ्या मनात तेव्हा आला नव्हता, तो नंतर आला. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटत होतं की ह्याला कधी कळू नये.

बहिणीनं वाढलं. भात, वाटाण्याची उसळ, सोलकढी. मी मान खाली घालून जेवलो. पानातला भात संपला. ती पातेलं घेऊन समोर येऊन वाकली. हसून, अगदी मायेनं तिनं विचारलं, "आजून भूक आसा मां?"

मी नाही म्हणालो. भूक होती. वसंता म्हणाला, वाढ गो त्याला, तो लाजतोय. मी पानावर आडवा हात धरला आणि उठून मागच्या दारी हात धुवायला गेलो.